आंतरराष्ट्रीय दर्जाचा गडी

१ जानेवारी, पहाट (सव्वानऊ)

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पिंकीला तर नाहीच. सख्खी बहीण असली तरी तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही.

संकल्प : रोज साडेचारला उठणे. साखर बंद. तळलेलं बंद. मोबाईल फक्त कामापुरता.

ध्येय : फेब्रुवारीत काठमांडूला आंतरराष्ट्रीय ज्युनिअर क्रॉसकंट्री आहे. भारताचा संघ सहा जणांचा. त्यातला पहिला मी, रविराज, नाशिक रोड. बाकीचे पाच कोण, यात मला इंटरेस्ट नाही.

आज उठायला उशीर झाला, कारण काल एकतीस डिसेंबर होता. तो काही माझा दोष नाही. उद्यापासून.

३ जानेवारी

ग्राउंडवर गेलो. क्रॉसकंट्री हा मुळात खेळ आहे का, इथपासून माझी शंका आहे. ट्रॅक नाही, रस्ता नाही. माळरान, चिखल, चढ, मध्येच आडवे टाकलेले ओंडके. म्हशी जिथून जायला नाही म्हणतील तिथून माणसांनी पळायचं. मी खरा ट्रॅकचा माणूस. पण ट्रॅकवर पॉलिटिक्स फार.

ग्रुपमधले नग :

छाया मॅडम, कोच. एके काळी रेल्वेकडून पळायच्या म्हणे. आता फक्त ओरडतात.

धम्मपाल, सिन्नरचा. वडील तिकडेच एमआयडीसीत. बोलत नाही, हसत नाही. पळताना चेहरा असा, की बँकेच्या रांगेत उभा आहे.

सोमनाथ, पेठचा, पार डोंगरातला. याच्याबद्दल काय लिहायचं? पळताना दोन्ही हात असे उडतात की कोंबड्या हाकतोय. स्टाईल नावाचा प्रकार नाही. शेवटच्या चढाला सगळ्यांच्या पुढे होता, पण ते बघवत नव्हतं. मी मागून आलो, पण फॉर्म परफेक्ट. व्हिडिओत दिसेल.

६ जानेवारी

पांडवलेणीच्या पायऱ्यांवर चढाचा सराव. नवीन जीपीएस घड्याळ वापरलं. जिथे दम खायला उभा राहतो तिथे घड्याळ थांबवतो, उगाच चुकीचा डेटा नको. त्या हिशोबाने माझा वेग सोमनाथपेक्षा जास्त निघाला. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, घड्याळाला पाठव काठमांडूला.

अशिक्षित विनोद. टेक्नॉलॉजीची भीती वाटते या पिढीला.

११ जानेवारी, रविवार

मिसळ. दोन प्लेट, जादा पाव. याला कार्ब लोडिंग म्हणतात. तर्री तळलेल्यात मोडत नाही.

सोमनाथला पण घेऊन गेलो होतो, म्हटलं बघू दे शहर. त्याने एकच पाव खाल्ला आणि म्हणाला, बास, उद्या पळायचं हाय. मी त्याला समजावलं की इंटरनॅशनल लेव्हलला न्यूट्रिशनचा विचार वेगळा असतो. तो मान डोलवत राहिला. अशा लोकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

उद्या सकाळचा सराव बुडवणार. पोट जड आहे. रिकव्हरी डे.

१८ जानेवारी, रविवार

निवड चाचणी, शहराबाहेरच्या माळावर. देशभरातली पोरं आली होती. आठ किलोमीटर, दोन-दोनच्या चार फेऱ्या.

निकाल : सोमनाथ पहिला. धम्मपाल चौथा. मी सातवा.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी गैरसमज पसरवायला नको. मी सहावाच होतो. शेवटच्या वळणाला एका द्राक्षबागवाल्याचं कुत्रं भुंकलं आणि माझी लय तुटली. कुत्रं बाकीच्यांवरही भुंकलं, पण त्यांना लयच नाही, तर तुटणार काय?

घरी आलो. बाबांनी विचारलं, कितवा? म्हणालो, टॉप टेन. बाबा म्हणाले, म्हणजे सातवा. नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी करून माणूस फार संशयी होतो.

क्रॉसकंट्री सोडण्याचा निर्णय. क्रिकेट बोर्डवाल्यांनी या देशातल्या खेळाची वाट लावली आहे.

२१ जानेवारी

सहाव्या नंबरच्या पोराला कांजिण्या! मी संघात!

शेवटी गुणवत्ता वर येतेच. मॅडमनी फोन केला तेव्हा आवाजात उत्साह नव्हता. हेवा असावा. आई रडली. पिंकी म्हणाली, त्या कांजिण्यावाल्याला पेढे पाठव. दुर्लक्ष केलं.

सोडण्याचा निर्णय स्थगित.

२६ जानेवारी

कॉलनीत झेंडावंदनानंतर माझा सत्कार. शाल, नारळ. मी सातच मिनिटं बोललो, तरी लोक चहाकडे गेले. नाशिक रोडला खेळाची संस्कृतीच नाही.

दुपारी ग्राउंडवर एक पत्रकार आला. मी आधीच तयार होतो, केस वगैरे. तो थेट सोमनाथकडे. विचारतो, लहानपणी शाळेत अनवाणी पळत जायचास का? सोमनाथ म्हणाला, नाय, जीपला मागं लटकून जायचो. पत्रकाराने विचारलं, मग पळायला कसा लागलास? हा म्हणाला, एकदा जीप चुकली.

पत्रकाराचा चेहरा पडला. एवढी चांगली संधी घालवली गधड्याने. मी असतो तर अनवाणी, वाटेत नदी, वाघ, सगळं दिलं असतं.

२ फेब्रुवारी

कॅम्प सुरू. हॉस्टेलवर खोलीत मी आणि सोमनाथ. माझं नशीब.

हा चारला उठतो. आवाज न करता उठतो, हे त्याहून वाईट. त्यामुळे मला जाग येत नाही आणि मॅडमची बोलणी मी खातो. आज त्याला तसं स्पष्ट सांगितलं. उद्यापासून उठवतो म्हणाला.

३ फेब्रुवारी

त्याने उठवलं. चारला कोण उठवतं माणसाला? अक्कल नाही.

९ फेब्रुवारी

टीम मीटिंग. बाकीचे तिघेही आलेत : एक हरियाणाचा, एक झारखंडचा, एक डेहराडूनचा. हरियाणावाला सतत दूध पितो. झारखंडवाला सतत लाजतो. डेहराडूनवाला बरा आहे, माझे व्हिडिओ लाईक करतो.

मॅडमनी फळ्यावर टीम स्कोअर समजावला. सहा जण पळायचे, पहिल्या चौघांचे नंबर मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो संघ वर. चौघे पोचलेच नाहीत तर संघ बाद. म्हणाल्या, चौथा गडी सगळ्यात महत्त्वाचा.

चौथा महत्त्वाचा! ही असली शिकवण. म्हणून आपल्या देशाला पहिला नंबर मिळत नाही. टीम स्कोअर ही दुबळ्यांची सोय आहे. मी पुढचं ऐकलं नाही. तेवढ्या वेळात पदक मिळाल्यावर द्यायचं भाषण मनात जुळवलं. सुरुवात इंग्रजीत, शेवट मराठीत.

मग मॅडमनी सगळ्यांना आपापला प्लॅन विचारला. धम्मपाल म्हणाला, सोमनाथच्या मागे राहीन. सोमनाथ म्हणाला, पळंन. एक शब्द! मी अकरा मुद्दे मांडले. मुद्दा पहिला : सुरुवातीलाच आघाडी, म्हणजे प्रतिस्पर्धी मानसिकदृष्ट्या खचतात. मॅडम म्हणाल्या, रविराज, तू फक्त शेवटपर्यंत पोच, बाकी काही करू नकोस.

खेळाडूला इतकं खच्ची करणारी कोच मी पाहिली नाही.

१९ फेब्रुवारी, काठमांडू

आलो. विमानातलं जेवण निकृष्ट. मला थोडं पोटाचं झालं. तीनदा. सोमनाथने पिशवी धरली. त्याला काही झालं नाही, कारण त्याला घाटातल्या जीपची सवय. याला फिटनेस म्हणत नाहीत.

तो उतरताना पायलटच्या पाया पडायला निघाला होता. मी ओढून आणलं. देशाची लाज जाते.

इथली हवा चांगली आहे. माझ्या दर्जाची.

२१ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

उद्या स्पर्धा. मॅडमचा हुकूम : बाहेर काही खायचं नाही, आठला झोपायचं. आम्ही काय शाळकरी आहोत? डेहराडूनवाल्याला घेऊन बाहेर पडलो. कोपऱ्यावर चटपटे मिळतात. म्हणजे आपली भेळच, फक्त तिखटाने माणूस मरावा. मी अर्धं खाल्लं, बाकीचं त्याला दिलं. खेळाडूने नव्या देशाची चव घ्यावी, त्याने दडपण जातं, हे मी त्याला पटवून दिलं.

परत आलो तर सोमनाथ खिडकीत बसून आईशी फोनवर बोलत होता. आई विचारत होती, तिकडं पळायला वाट नीट हाय का. हा म्हणाला, नाय, आपल्यासारखीच हाय. मग दोघंही हसले. यात हसण्यासारखं काय होतं?

भाषण पुन्हा एकदा म्हटलं. झोपतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज झालेलं सगळं लिहून ठेवतो. नंतर लोक काहीही बोलतील.

सकाळी डेहराडूनवाला बाथरूममधून बाहेर येईना. उलट्या, जुलाब. डॉक्टरने त्याला पळू दिलं नाही. मला काहीही झालं नाही. ही शरीरं कमावलेली असतात. मॅडमनी विचारलं, काल याने काय खाल्लं? तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, काही नाही. मीही म्हणालो, काही नाही.

म्हणजे आम्ही पाच उरलो.

कोर्स बघून मला हसू आलं. रात्री पाऊस झालेला, सगळं मैदान म्हणजे भाताचं खाचर. बंदूक वाजली आणि मी प्लॅनप्रमाणे सगळ्यांच्या पुढे. कॅमेऱ्याची गाडी माझ्या पुढे, मागे नेपाळ, श्रीलंका, भूतान, सगळा आशिया. लाऊडस्पीकरवर माझं नाव घेतलं. चुकीचं घेतलं, पण घेतलं. ती आघाडी मी पहिल्या वळणापर्यंत टिकवली.

मग लोक पुढे जायला लागले. जाऊ दिलं. प्लॅनमध्ये ते होतंच. सोमनाथ कोंबड्या हाकत गेला. त्याच्यामागे धम्मपाल, बँकेच्या रांगेतला चेहरा घेऊन. हरियाणा गेला. बरेच गेले. झारखंडवाला जाताना लाजला.

दुसऱ्या फेरीत ओंडक्यावर झारखंडवाल्याचा पाय घसरला. मनगट धरून चिखलात बसला होता. मला वाटलं, उठेल. मी बाजूने गेलो.

तिसऱ्या फेरीत माझ्या बरगडीखाली कळ यायला लागली. समोर दोरीपलीकडे मॅडम. चिखलात गुडघाभर, माझ्याकडे बघून चार बोटं दाखवत ओरडत होत्या, चार, रविराज, चार! लाऊडस्पीकरमुळे पुढचं ऐकू आलं नाही.

म्हणजे मी चौथा! इतके जण पुढे जाऊनही चौथा, म्हणजे ते सगळे बाहेर पडले असणार. मी मनाशी विचार केला. चौथ्याला पदक नसतं. पदक पहिल्या तिघांना. पुढचे तिघे दिसतही नव्हते. मग एवढं दोन किलोमीटर चिखल तुडवून मिळवायचं काय? मोठे खेळाडू शरीर जपतात. पुढच्या स्पर्धा असतात.

मेडिकलचा तंबू डाव्या हाताला होता.

तिथे शिरलो. नर्सने हिंदीत विचारलं, क्या हुआ? म्हणालो, घोटा. तिने दाबून विचारलं, इथे? म्हणालो, हो. इथे? हो. इथे? तिथेही हो. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि बर्फाची पिशवी दिली. ब्लँकेट दिलं. आल्याचा चहा दिला. चहा उत्तम होता. इथल्या व्यवस्थेला दाद द्यावी लागेल.

बाहेर एकदम आरडाओरडा झाला. फटीतून बघितलं. सोमनाथ दुसरा आला होता. आंतरराष्ट्रीय रौप्य. रेषेवर उपडा पडला, उठला, आणि पाणी घ्यायचं सोडून मागे वळून बघत उभा राहिला. धम्मपाल आला. हरियाणा आला. तरी तिघे तिथेच, कोर्सकडे तोंड करून. सोमनाथ हात तोंडाला लावून हाका मारत होता. बाकीचे देश संपत आले. मग एक भूतानचा पोरगा लंगडत आला, सगळ्यात शेवटी. लोकांनी त्याच्यासाठी पण टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर कुणी येणार नव्हतं. तरी हे उभेच.

सोमनाथ कुणाच्या नावाने हाका मारत होता, ते मला तंबूत स्पष्ट ऐकू येत होतं.

२२ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

मॅडम तंबूत आल्या. मला वाटलं, ओरडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्या खुर्चीवर बसल्या, बुटातला चिखल काढत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, चारच उरला होतात रे. झारखंडचं मनगट मोडलं. तू फक्त पोचायचं होतंस. चालत आला असतास, अगदी शेवटचा आला असतास, तरी ब्राँझ होतं.

मी म्हणालो, घोटा.

त्या म्हणाल्या, हो. घोटा.

आणि गेल्या. ओरडायला हवं होतं. खेळाडूवर वेळेला ओरडता येत नाही, त्या कोच कसल्या.

नियम मूर्खपणाचा आहे. चार कशाला? तीन ठेवले असते तर आम्ही आरामात आलो असतो. फेडरेशनला मेल लिहिणार.

२३ फेब्रुवारी

मेल लिहिला नाही. हॉटेलचं वायफाय भिकार.

नाश्त्याला कुणी माझ्या टेबलवर बसलं नाही. डेहराडूनवाला पण नाही, त्याने माझे व्हिडिओ अनलाईक केलेत. धम्मपालने लांबून माझ्या पायाकडे बघितलं आणि चहा प्यायला. काही बोलला नाही. हा नेहमीच बोलत नाही, पण आज जास्त बोलला नाही.

मग सोमनाथ थाळी घेऊन आला, समोर बसला, आणि विचारतो, लय दुखतं का?

२५ फेब्रुवारी

दिल्लीहून रेल्वेने परत. नाशिक रोडला गाडी थांबली तर प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. मी केस नीट केले. लंगडत दारात आलो.

पेठहून तीन जीप भरून लोक आले होते. ढोल वाजतोय, पावरी फुंकतायत. सोमनाथला खांद्यावर घेतलं. एक म्हातारबुवा माझ्याजवळ आले, हात पुढे केला. मी वाकलो, हार घालतील म्हणून. त्यांनी मोबाईल दिला आणि म्हणाले, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढ ना बाळा.

काढला. दोन काढले. पहिल्यात बोट आलं होतं.

आई-बाबा पुलाखाली उभे होते. बाबांनी बॅग घेतली. पिंकी माझ्या चालण्याकडे बारकाईने बघत होती. मूर्ख आहे ती.

निर्णय : क्रॉसकंट्री कायमची बंद. सिनिअरमध्ये मॅरेथॉन. तिथे कुणाची बेरीज नसते.

१ मार्च, रविवार

दुपारी दार वाजलं. सोमनाथ. सोबत त्याची आई, साळूबाई. पेठहून एसटीने, मग सीबीएस स्टँडवरून शहर बस बदलून आले होते. माझा पाय बघायला.

मी पलंगावर मोबाईल बघत पडलो होतो. आईने त्यांना थेट आत आणलं. साळूबाईच्या पदरात कसला तरी पाला बांधलेला, सकाळी डोंगरातून खुडून आणलेला. आईने मिक्सर पुढे केला तर त्यांना तो नको. मग खलबत्त्यात स्वतः कुटला. सगळ्या घराला उग्र वास. मी सांगत होतो, आता बराय, डॉक्टरला दाखवलंय. कोण ऐकतंय?

वाटी घेऊन त्या पलंगाशी खाली बसल्या आणि विचारलं, कंचा पाय रं पोरा?

मी डावा पुढे केला.

दारात पिंकी उभी होती. तिने तोंड उघडलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं आणि ती आत गेली. बाबाही माझ्याकडे न बघता गॅलरीत गेले.

साळूबाईंनी घोटा दोन्ही हातांनी चाचपला. हात खरखरीत, पण हलके. म्हणाल्या, सूज उतरली गं बाय, देवाची कृपा. एवढ्या आनंदाने म्हणाल्या की आईला पदर डोळ्याला लावावा लागला. मग पाला थापला, वरून जुन्या लुगड्याची पट्टी, घट्ट. तीन दिवस पाय टेकवायचा नाही म्हणाल्या.

सोमनाथ स्टुलावर बसून पोहे खात होता. सांगत होता की पेठला सत्कारात कुणी तरी म्हणालं, त्या नाशिक रोडवाल्यामुळे तुमचं ब्राँझ गेलं. हा तिथेच माईकवर बोलला, माझ्या दोस्तामुळं नाय गेलं, त्याच्या पायामुळं गेलं. पाय धड असता तर तो रांगत आला असता, मी त्याच्याबरोबर एका खोलीत राह्यलोय, मला ठाऊक हाय.

असं म्हणाला आणि परत पोहे मागितले.

मी म्हणालो, एवढं बोलायची काय गरज होती? तो म्हणाला, होती.

चारच्या बसने ते गेले. आई त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेली. गॅलरीतून दिसत होते. चालतानाही याचे हात तसेच उडतात.

त्याबद्दल आणखी काही तरी लिहायचं होतं. सुचत नाही.

३ मार्च

पट्टी तशीच. पाला वाळला, खाज येते. सोडता आली असती. आई ताट पलंगावर आणून देते. बाबा पेपर आणून देतात, आणि डाव्या पायाशी धक्का लागणार नाही असं बघून ठेवतात.

पिंकी एकदाही हसलेली नाही. तिला काय झालंय कळत नाही.

४ मार्च

तीन दिवस झाले. घरी एकटाच. दार वाजलं.

लंगडत गेलो. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस होता. त्याने पायाकडे बघून विचारलं, काय झालं? म्हणालो, काठमांडूला, आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री, आघाडीवर असताना. तो म्हणाला, मीटर कुठंय?

जिन्याखाली, म्हणालो.

तो गेला. दार लावलं, आणि पलंगापर्यंत लंगडतच आलो.